ठुमकी आणि धुडधुडीचा आरसा

ठुमकी दरवर्षीसारखी लांबून आली. खूप खूप लांबून. बर्फाच्या डोंगरापलीकडून.

ठुमकी म्हणजे एवढंसं पाखरू. काळं-पांढरं. तुरुतुरु चालायचं आणि सारखी शेपटी हलवायचं. लपक लपक, लपक लपक.

येताना ठुमकीला वाटलं होतं, सरूमावशी हाक मारेल. म्हणेल, "आलीस का गं, ठुमके?" अंगणात धुडधुडी उभी असेल. लाल लाल, चकचकीत. आणि धुडधुडीच्या आरशात माझी सखी असेल. मी शेपटी हलवली, की सखीही हलवेल. लपक लपक, लपक लपक.

पण पाहते तर काय?

अंगण रिकामं. मावशी गप्प. आणि धुडधुडी? धुडधुडी गोठ्यामागे पडलेली. अंगावर पोतं. हँडल वाकडं. दिवा फुटका. शेजारी एक कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं.

आणि आरसा? आरसा नाहीच! आरसा नाही, तर सखी नाही.

धुडधुडी म्हणजे सरूमावशीची जुनी मोटारसायकल. रोज सकाळी मावशी भट्टीतून गरम पाव काढायची. टोपलीत भरायची. किक मारायची. धुडधुडधुड! काळा रबरी भोंगा दाबायची. पोंऽऽ पोंऽऽ! आणि गावभर पाव देत फिरायची.

धुडधुडी निघाली, की ठुमकी भुर्रकन उडायची. मागेच राहायची. संध्याकाळपर्यंत सखीची वाट बघायची.

आता किती वाट बघायची?

ठुमकी गेली मावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

"मावशी, मावशी, आरसा लाव ना!"

"का गं ठुमके?"

"माझी सखी दिसेना!"

मावशीने ठुमकीला तळहातावर घेतलं. म्हणाली, "काय सांगू तुला? उतारावर पिल्लू आलं आडवं. एवढंसं. मी ब्रेक दाबला. ब्रेक म्हातारा. लागलाच नाही! मग मी हँडल वळवलं. पिल्लू वाचलं. आम्ही मात्र शेवग्याच्या झाडावर. धडाम!"

मावशीने कोपर चोळलं.

"माझा हात झाला बरा. धुडधुडी नाही झाली. उद्या ऊन पायरीवर आलं, की भंगारवाला गुंडूदादा येणार. टेम्पो घेऊन. धुडधुडीला घेऊन जाणार."

"आणि परत कधी आणणार?"

"परत नाही आणणार गं. मोडून टाकणार."

ठुमकीची शेपटी थांबली. ती कधीच थांबत नाही. आज थांबली.

"नको, मावशी! आरसा लाव ना!"

"आरसा आहे घरात. पण वाकड्या हँडलला तो कसा लावू? आधी मिस्त्रीने हँडल ठोकावं. सरळ करावं. मग मी आरसा लावीन."

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

गॅरेजच्या दारात बसले होते हरबामिस्त्री. हात स्वच्छ. कपडे स्वच्छ. पायावर पाय टाकून चहा पीत होते. फुर्रर्र.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, हँडल ठोका ना!"

"का गं ठुमके?"

"मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

मिस्त्री हसले. "आज? आज नाही जमायचं! आज खंडेनवमी. आज हत्यारांची पूजा. वर्षभर पाना राबतो, हातोडी राबते. आज त्यांची सुट्टी. आज त्यांना हात लावायचा नसतो. तुम्ही बर्फाकडची मंडळी, तुम्हाला कसं माहीत असणार!"

"मग उद्या?"

"उद्या पाना उठला आणि त्याने नट सोडला, तर मी हँडल ठोकीन. पाना नाही उठला, तर मी तरी काय करू?"

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

गॅरेजच्या आत एक पाट होता. पाटावर लाल कापड. कापडावर पाना. कपाळाला हळदकुंकू. पाना मस्त घोरत होता. घुर्रर्र, घुर्रर्र.

"पान्या, पान्या, ऊठ ना!"

"का गं ठुमके?"

"मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

पान्याने एक डोळा उघडला. "श्शू! आज मी देव आहे. देवाला कोणी हलवतं का?"

"मग उद्या?"

"उद्या दसरा. उद्या माझ्या डोक्यावर ताजा झेंडू आला, तर टुणकन उठीन. झेंडू फुलला नाही, तर मी उठत नाही. झोपू दे आता. घुर्रर्र."

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

विहिरीजवळ झेंडूची रोपं होती. कळ्याच कळ्या. पण सगळ्या मिटलेल्या. सगळ्यांच्या माना खाली.

"झेंडू, झेंडू, फूल ना!"

"का गं ठुमके?"

"पाना पाटावरून उठेना,
मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

झेंडू म्हणाला बारीक आवाजात, "माझा घसा कोरडा. माझी मुळं कोरडी. आधी पोहऱ्याने पाणी द्यावं. मग मी फुलेन."

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

विहिरीच्या काठावर पोहरा होता. पालथा पडून ऊन खात होता. गळ्यात लांब लांब दोर.

"पोहऱ्या, पोहऱ्या, पाणी दे ना!"

"का गं ठुमके?"

"झेंडू काही फुलेना,
पाना पाटावरून उठेना,
मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

पोहरा म्हणाला, "मला पाय आहेत का? मला पंख आहेत का? मी विहिरीत उतरेन. डुबुक! पण वर कोण काढणार? आधी काकूने दोर ओढावा. मग मी पाणी देईन."

ठुमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

विहिरीपलीकडे फुलाकाकूचं घर. काकू ओट्यावर येरझाऱ्या घालत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कडेवर छबूबाळ. आणि छबूबाळ रडत होतं. ट्यँऽऽ!

"काकू, काकू, दोर ओढ ना!"

"का गं ठुमके?"

"पोहरा पाणी देईना,
झेंडू काही फुलेना,
पाना पाटावरून उठेना,
मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

काकू म्हणाली, "बघतेस ना! दोन्ही हातांत बाळ. दोर कशाने ओढू? दातांनी? आधी बाळाने हसावं. हसून खाली बसावं. मग मी दोर ओढीन."

ठुमकी आणखी जवळ गेली. अगदी बाळाच्या पायापाशी. तुरुतुरु, तुरुतुरु. शेपटी लपक लपक.

"बाळा, बाळा, हस ना!"

"ट्यँऽऽ?"

"काकू दोर ओढेना,
पोहरा पाणी देईना,
झेंडू काही फुलेना,
पाना पाटावरून उठेना,
मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

बाळाने नाक ओढलं. बाळाने ओठ काढले. बाळ म्हणालं, "पों!"

"काय?"

"पों! पों!"

काकू म्हणाली, "अगं, रोज सकाळी धुडधुडीचा भोंगा वाजायचा ना? पोंऽऽ पोंऽऽ! तो ऐकला की हसायचं माझं बाळ. आता कुठला भोंगा आणि कुठलं हसू?"

ठुमकी निघाली. आता चालली नाही. आता उडाली. भुर्रर्र!

थेट गोठ्यामागे. थेट पोत्याखाली. काळा रबरी भोंगा तिथेच होता. आपटला होता, पण फुटला नव्हता.

"भोंग्या, भोंग्या, वाज ना!"

"का गं ठुमके?"

"बाळ काही हसेना,
काकू दोर ओढेना,
पोहरा पाणी देईना,
झेंडू काही फुलेना,
पाना पाटावरून उठेना,
मिस्त्री हँडल ठोकेना,
मावशी आरसा लावेना,
माझी सखी दिसेना!"

भोंगा म्हणाला, "मला वाजायचंय गं. कधीपासून वाजायचंय. पण मला कोणीतरी दाबायला हवं."

कोण दाबेल?

मावशी आत पीठ मळत होती. मिस्त्री चहा पीत होते. पाना घोरत होता. झेंडूची मान खाली. पोहरा पालथा. काकूच्या कडेवर बाळ. बाळाच्या डोळ्यांत पाणी.

ठुमकीने इकडे पाहिलं. ठुमकीने तिकडे पाहिलं. सगळ्यांकडे जाऊन झालं. आता कोणीच उरलं नाही.

नाही, नाही. एक जण उरलं होतं.

कोण बरं?

ठुमकी!

ठुमकी भोंग्यावर चढली. उडी मारली. टुण!

फुस.

ठुमकीने पुन्हा उडी मारली. जोरात. टुणुक!

फूऽऽस.

पिल्लू जागं झालं. कान टवकारून बघू लागलं.

ठुमकी उडाली. गोठ्याच्या कौलावर जाऊन बसली. मोठा श्वास घेतला. पंख मिटले. आणि दगडासारखी खाली आली.

सूऽऽऽईं... धप्प!

पोंऽऽऽऽऽ!

मावशीचे हात पिठात थांबले. "अगंबाई! धुडधुडी?"

मिस्त्रींचा कप ओठांशी थांबला. "अरे! धुडधुडी?"

आणि विहिरीपलीकडे, ओट्यावर, छबूबाळ रडता रडता थांबलं. कान दिले. डोळे मोठे केले.

आणि हसलं! खिदी खिदी, खिदी खिदी.

बाळ हसलं, खाली बसलं.
काकूने दोर ओढला. कर्रर्र, कर्रर्र.
पोहरा उतरला. डुबुक! पोहरा चढला. छपक!
पोहऱ्याने पाणी दिलं. झुळझुळ, झुळझुळ.
झेंडू पाणी प्याला. गटगट, गटगट.

प्याला आणि झोपी गेला. मग सूर्यही झोपला. ठुमकीही झोपली. धुडधुडीच्या हँडलवर, वाकडं का असेना.

सकाळ झाली. दसरा आला.

ठुमकी उठली, ती थेट झेंडूकडे. झेंडू फुलला होता! एक नाही, दोन नाही. ताटभर! पिवळे पिवळे, केशरी केशरी.

"मी सगळ्यात छोटा, मला घे गं," एक छोटा झेंडू म्हणाला. "तुझ्या चोचीत मावेन असा मीच आहे."

ऊन कौलावर आलं होतं. लवकर, ठुमके, लवकर!

ठुमकीने झेंडू चोचीत धरला. उडाली. भुर्रर्र! पान्याच्या डोक्यावर सोडला. टप्प!

पाना उठला. टुणकन! "आळस गेला बुवा. कुठे आहे तो नट?"

मिस्त्री उठले. पिशवी घेतली. पिशवीत पाना, पिशवीत हातोडी. आणखीही बरंच काही. खुळखुळ, खुळखुळ.

ऊन भिंतीवर आलं होतं. लवकर, मिस्त्रीकाका, लवकर!

पान्याने नट सोडला. किरकिर, किरकिर.
मिस्त्रींनी हँडल ठोकलं. ठाक ठाक, ठाक ठाक.
वाकडं हँडल सरळ झालं.

"आता हा म्हातारा ब्रेक," मिस्त्री म्हणाले. "याने खूप काम केलं. आता याला सुट्टी. कायमची." आणि पिशवीतून काढला नवा ब्रेक.

"हा फुटका दिवा. यालाही सुट्टी." आणि पिशवीतून काढला नवा दिवा. मोठ्ठा! आधीच्या दुप्पट.

"आणि हा टाकीवरचा पोचा. ठोकू का, सरूताई?"

मावशीने पोच्यावरून हात फिरवला. पिल्लाकडे पाहिलं.

"तो राहू दे, मिस्त्री. पिल्लू वाचलं, त्याची खूण आहे ती."

फट फट फट फट!

ऊन पायरीवर आलं. आणि दारात टेम्पो आला.

टेम्पोतून गुंडूदादा उतरला. "काय मावशी, द्यायची ना गाडी?"

मावशी पुढे आली. तिने कोपर चोळलं. धुडधुडीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पुन्हा पिल्लू आडवं आलं तर? पुन्हा ब्रेक लागला नाही तर?"

"बसून तर बघ," मिस्त्री म्हणाले.

मावशी बसली. अंगणाला थोडा उतार. धुडधुडी आपोआप निघाली. हळू हळू, हळू हळू. आणि कोण आलं आडवं? तेच पिल्लू! शेपूट हलवत!

"अगंबाई!" मावशीने ब्रेक दाबला.

चप्प!

धुडधुडी थांबली. जागच्या जागी. पिल्लापासून वीतभर लांब. पिल्लाने पुढे येऊन चाक चाटलं. लप लप.

मावशी उतरली. मावशी हसली. तिने पूजेच्या ताटातलं आपट्याचं पान घेतलं आणि गुंडूदादाच्या हातावर ठेवलं.

"सोनं घे, गुंडू. सोन्यासारखा राहा. पण धुडधुडी काही मिळायची नाही हं तुला."

"वा!" गुंडूदादा म्हणाला. "बरं झालं! मला तरी कुठे न्यायची होती? तुमची गाडी बंद, तेव्हापासून मी कोरडा चहा पितोय. आधी पाव द्या बघू दोन!"

मावशीने त्याला दोन पाव दिले. गरम गरम. रिकामा टेम्पो रिकामाच गेला. फट फट फट फट.

मग?

हँडल सरळ झालं होतं ना? मग मावशीने आरसा लावला. फिरव फिरव, घट्ट घट्ट.

ठुमकी हँडलवर बसली. मान वर करून पाहिलं.

आरशात कोण? सखी! काळी-पांढरी. एवढीशी. ठुमकीने शेपटी हलवली. सखीनेही हलवली. लपक लपक, लपक लपक.

"थांब, थांब," मिस्त्री म्हणाले. "आधी एकच आरसा होता. आता दोन हवेत. इकडचंही दिसायला हवं, तिकडचंही दिसायला हवं." आणि पिशवीतून काढला आणखी एक आरसा. फिरव फिरव, घट्ट घट्ट.

ठुमकीने इकडे पाहिलं. सखी!
ठुमकीने तिकडे पाहिलं. आणखी एक सखी!

काकू आली बाळाला घेऊन. आणला झेंडूचा हार. घातला धुडधुडीला. धुडधुडी लाल, हार केशरी.

मावशीने टोपली बांधली. पाव भरले. किक मारली.

खट.

पुन्हा मारली.

खुक.

पुन्हा मारली.

धुडधुडधुड! धुडधुडधुड!

धुडधुडी निघाली. ठुमकीने पंख उघडले. दरवर्षी ती आता उडायची. भुर्रकन. मागे राहायची. संध्याकाळपर्यंत वाट बघायची.

ठुमकीने इकडच्या सखीकडे पाहिलं. सखीचे पंख उघडे.
ठुमकीने तिकडच्या सखीकडे पाहिलं. तिचेही पंख उघडे.

मग ठुमकीने ठरवलं. आज मागे राहायचं नाही. आज बरोबर जायचं.

तिने पंख मिटले. सख्यांनीही मिटले. आणि ठुमकी जाऊन बसली. धुडधुडीच्या टाकीवर, त्या पोच्यात. अगदी तिच्याच मापाचा होता तो.

"येतेस का गं, ठुमके?" मावशी म्हणाली.

लपक लपक, लपक लपक.

पोंऽऽऽ!